एक की जोडी? – दोन चाकांमधील नात्याची गोष्ट

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर नेकनूर येते. बीड जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही हे गाव ओळखले जाते ते तिथल्या आठवडी बाजारामुळे, त्यातही जनावरांच्या बाजारामुळे. या बाजारात एक विशिष्ट गिऱ्हाईक नेहमी दिसते. त्याच्याकडे एकच बैल असतो. दुसरा थकलेला, विकलेला किंवा दगावलेला असतो. या माणसाला नुसता बैल नको असतो, त्याला ‘जोड’ हवा असतो. तो आधी जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती, सहादाती की जुळलेला? मग उंची पाहतो, चालवून पाहतो, जुवाच्या उजव्या अंगाला चालायची सवय आहे की डाव्या हे विचारतो. कधी कधी दिवसभर हिंडूनही जोड लागत नाही. मग एका बैलासाठी आलेला माणूस हातातला बैलही विकून नवी जोडीच घेऊन जातो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मीही असाच अडलो. मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या जुन्या मोटारीचा मागचा एक टायर दगडाने कापला गेला. स्टेपनी लावून टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “एकानं भागेल सर, पण जोड लागणार नाही.” शब्द तोच, बाजारातला! शाळेत शिक्षकांच्या खोलीत यावर दोन तट पडले. एक म्हणाले, “दुकानदाराला दोन खपवायचेत.” दुसरे म्हणाले, “चाके काय बैल आहेत, जोड लावायला?” हा प्रश्न टाकाऊ नाही. दोन चाकांचे एकमेकांशी नेमके नाते काय, हे शोधताना तंत्रज्ञानाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते.

सुरुवात बैलगाडीपासूनच करू. लाकडी चाकाच्या गाडीत लोखंडी आख घट्ट बसवलेला असतो आणि त्यावर दोन्ही चाके मोकळी फिरतात. वंगणाचा नळा गाडीखाली लोंबत असे, तो त्यासाठीच. चाकावर लोखंडी धाव चढवणे हे लोहाराचे कसबाचे काम. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित तोकडी ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आकसते आणि आऱ्यांसकट सारे चाक आवळून धरते. वर्गात हे गणित जरूर करून घ्या. परीघ ४ मीटर, तापमानातील वाढ ४०० अंश सेल्सिअस आणि लोखंडाचा प्रसरणांक एका अंशाला दशलक्षांश १२ धरला, तर धाव सुमारे १९ मिलिमीटरने लांबते. एवढ्याशा वाढीवर त्या लाकडी चाकाचे आयुष्य उभे असते.

आता समजा एका चाकाची धाव झिजली आणि ते दुसऱ्यापेक्षा थोडे लहान झाले. काय बिघडेल? गाडी किंचित कलेल, एवढेच. लहान चाक थोडे अधिक वेळा फिरेल, मोठे थोडे कमी. दोघांना एकमेकांचे काही देणेघेणे नाही. वळणावरही तेच. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते ते कापते. म्हणजे बैलगाडीत जोडी असते ती बैलांची, चाकांची नव्हे.

चाके एकमेकांना बांधली की मात्र चित्र पालटते. याचे सर्वांत बोलके जुने उदाहरण चीनमधले आहे. तिसऱ्या शतकात मा जुन नावाच्या कारागिराने ‘दक्षिणदर्शक गाडी’ केली अशी तिथल्या ग्रंथांत नोंद आहे. गाडीवर हात पुढे केलेली बाहुली असे आणि गाडी कशीही वळवली तरी तिचा हात दक्षिणेकडेच राही. यात लोहचुंबक नव्हता, होती ती दंतचक्रे. आतील रचना नेमकी कशी होती याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १९४७ साली जॉर्ज लँचेस्टर या ब्रिटिश मोटार-अभियंत्याने अशी कल्पना मांडली की, दोन चाकांच्या फिरण्यातील फरक मोजणारी चक्रे त्यात असावीत. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त फिरते, त्या फरकाइतकी बाहुली उलटी फिरते आणि हिशेब जुळतो.

पण दोन चाकांतले एक १ टक्क्याने लहान असेल तर? गाडी नाकासमोर चालली तरी चक्रांना वाटेल की ती वळते आहे. चाकांमधील अंतर २ मीटर धरा. १०० मीटर चालल्यावर दोन चाकांच्या हिशेबात १ मीटरचा फरक पडेल आणि बाहुली अर्धा रेडियन, म्हणजे सुमारे २९ अंश फिरेल. ३०० मीटर गेल्यावर दक्षिण दाखवणारा हात जवळजवळ पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलेला असेल! अशी गाडी करायची तर दोन्ही चाके तंतोतंत सारखीच हवीत. चाकांच्या जोडीचा प्रश्न पहिल्यांदा इतक्या कडकपणे उभा राहिला तो इथे, असे मला वाटते.

रेल्वेने चाके त्याहून घट्ट बांधली. आगगाडीच्या डब्याखाली दोन चाके एकाच आखावर दाबून बसवलेली असतात. आख फिरला की दोन्ही फिरतात, एकट्याने फिरण्याची सोय नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुरू झाली आणि कित्येक वर्षे वाट पाहणाऱ्या या भागातील मुलांना ही चाके जवळून पाहता येऊ लागली. सहल नेलीत तर चाकाची कड नीट पाहायला सांगा. ती सपाट नसते, आतून बाहेर किंचित उतरती असते. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला सरकते, त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालते. वळण असे निभते. एखादे चाक झिजले म्हणून त्या एकट्याला घासून चालत नाही. एका आखावरची दोन्ही चाके लेथवर एकाच मापाला आणावी लागतात.

घरी करण्याजोगा एक प्रयोग आहे. कागदी पेला आडवा करून जमिनीवर घरंगळत सोडा. तो सरळ जात नाही, गोल फिरतो. पेल्याचे तोंड आणि बूड म्हणजे एकाच आखावरची दोन असमान चाके. मोटारीची चाके अशी पक्की बांधली आणि एक २ टक्क्यांनी लहान ठेवले, तर ती साधारण ६५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू पाहील. रस्ता तिला सरळ नेईल, पण टायर घासत घासत.

मोटारीची अडचण अशी की तिला दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा असतो आणि वळणावर त्यांना वेगवेगळे फिरूही द्यायचे असते. बांधायचे आणि मोकळेही ठेवायचे! यावर १८२७ साली ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी तोडगा काढून त्याचे पेटंट घेतले. तोच डिफरन्शिअल. कार्ल बेंझ यांच्या तीन चाकी मोटारीतही तो होता. ट्रकच्या मागच्या आखावर मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात हीच चक्रे असतात. दोन चाकांच्या फेऱ्यांची बेरीज इंजिन ठरवते. ती बेरीज आपसांत कशी वाटून घ्यायची हे चाके ठरवतात. गाडी सरळ चालली असताना दोन्ही चाके सारखी फिरतात आणि आतील छोटी चक्रे स्वतःभोवती न फिरता स्वस्थ असतात.

आता रबराकडे वळू, कारण इथवर चाके कडक होती आणि फार हळू झिजत. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट डनलॉपचे नव्हे. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने ते घेतले. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याच्या ‘हवाई चाकां’ची बग्गी चालवून दाखवण्यात आली. रबर महाग होते, मोटारी नव्हत्या, लोक विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हीच कल्पना पुन्हा शोधली. डनलॉप व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर होते. नेकनूरच्या बाजारात ते रमले असते! थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचा हक्क टिकला नाही, नाव मात्र टिकले.

टायर आला आणि पंक्चर आले. सुरुवातीच्या मोटारींत जादा चाक नसे. रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा, ट्यूब सांधायची, पुन्हा चढवायचा. १९०४ साली वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरसह तयार असलेली कडी विकायला काढली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून अडकवायची आणि घर गाठायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते. आपली ‘स्टेपनी’ ती हीच. खुद्द इंग्रजांच्या बोलण्यातून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्याच्या तोंडी तो अजून आहे.

स्टेपनीने सोय केली तशी एक नवी भानगडही आणली. चार टायर रस्त्यावर झिजत असताना पाचवा डिकीत कोरा राहतो. वेळ आली की तो झिजलेल्या टायरच्या शेजारी लागतो. ‘जोड’ बिघडण्याची ही रोजची रीत झाली.

नेकनूर परिसरात रबराचा टायर मोटारीइतकाच बैलांच्या मागेही आला. डनलॉप कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे कारखाना सुरू केला आणि बैलगाडीसाठी टायर विकण्याचा प्रयत्न केला. उत्तर भारताच्या काही भागांत अशा गाडीला ‘डनलप’च म्हणू लागले, आपल्याकडे ती टायरगाडी झाली. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली आणि बीडच्या दुष्काळी गावांतून ऊसतोडीला माणसे जाऊ लागली. बैल मजुराचे आणि टायरगाडी कारखान्याची, भाड्याने, अशी रीत पडली. इथेही हिशेब जोडीचाच. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. उचल घेऊन गेलेल्या जोडप्याचा एक बैल हंगामात दगावला तर जोड मिळेपर्यंत गाडी उभी, आणि उचल तशीच अंगावर.

टायरगाडीवर लाकडी गाडीपेक्षा पुष्कळ जास्त ऊस बसतो. कडक, गुळगुळीत रस्त्यावर लोखंडी धावही सहज फिरते. पण उसाच्या फडात, भिजल्या वाटेवर ती रुतते आणि रुंद टायर तरंगल्यासारखा जातो. शिवाय आखात बेअरिंग असतात. बैलाचे श्रम यामुळे कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात वाचलेल्या श्रमाइतका, कित्येकदा त्याहून जास्त बोजा वर चढवला जातो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा विषय लावून धरला, तेव्हा गाडीइतकीच बैलाच्या मानेचीही चिंता केली होती. ती रास्त होती.

टायरगाडीची चाकेही मोकळी फिरतात, तेव्हा लहानमोठ्या टायरने तिथे काही अडू नये. पण एका टायरमध्ये हवा कमी असेल तर? समजा प्रत्येक चाकावर दीड टन भार आहे. नीट फुगलेला टायर भाराच्या ३ टक्के अडथळा करतो, मऊ पडलेला ५ टक्के. म्हणजे एकीकडे ४५ किलोग्रॅम भाराइतकी ओढ आणि दुसरीकडे ७५. हा ३० चा फरक गाडीला मऊ टायरच्या बाजूला वळवू पाहतो. चाके मध्यापासून ०.७ मीटरवर आणि जू आखाच्या ३ मीटर पुढे धरले, तर गाडी सरळ ठेवायला जुवाशी सुमारे ७ किलोग्रॅमचा आडवा रेटा लागतो. तो बैलांच्या मानांनी द्यायचा, फडापासून काट्यापर्यंत. मोटारीत डिफरन्शिअल सोसते ते इथे खांदे सोसतात.

शेतकऱ्याला यातली तरफ चांगली कळते. एक बैल दुबळा असेल तर तो जुवाचा बांध सशक्त बैलाकडे थोडा सरकवतो. १५० सेंटिमीटरच्या जुवात मध्य ५ सेंटिमीटर सरकवला की भुजा ८० आणि ७० होतात, आणि ओढ ७ व ८ या प्रमाणात वाटली जाते. लांब भुजा दुबळ्याची. न जुळणारी जोडी जुळवून घेण्याची ही युक्ती. टायरला अशी युक्ती चालत नाही.

माझ्या मोटारीकडे येतो. नव्या टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरू. नव्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, जुन्यावर २ उरली असेल तर त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक. नवे चाक एका किलोमीटरला सुमारे ५६८ फेरे घेईल, जुने ५८१. प्रत्यक्षात टायर खाली दबतो, त्यामुळे फरक याहून काहीसा कमी पडतो, पण अंदाज चुकत नाही. हीच दोन चाके इंजिनाने फिरणारी असतील तर किलोमीटरमागे २१ मीटरांचा फरक डिफरन्शिअलला भरून काढावा लागेल. काटकोनातल्या एका वळणावर दोन चाकांच्या वाटेत साधारण २ मीटरचा फरक पडतो. म्हणजे गाडी सरळ चालूनही आतील चक्रांना किलोमीटरला दहा वळणांइतकी मेहनत, तीही एकाच दिशेने. साधे डिफरन्शिअल हे बहुधा सोसून नेते, तेवढ्यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. चारही चाकांना कायम जोर देणाऱ्या गाड्यांत मात्र पुढची-मागची चाकेही चक्रांनी बांधलेली असतात. तिथे जोडीनेही भागत नाही, कित्येक उत्पादक चारही टायर एकसारखे मागतात.

मग माझ्यासारख्याने जोडी का घ्यावी? खरे कारण फेऱ्यांत नाही, पाण्यात आहे. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायरही चांगली पकड देतो. टायरची नक्षी असते ती पाणी बाहेर काढायला. ती संपली की वेगात टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. नासातील वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्राने ३० पौंड हवेच्या गुळगुळीत टायरसाठी हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. एका बाजूचे चाक तरंगले, दुसरे चिकटून राहिले आणि त्याच क्षणी ब्रेक लागला तर गाडी गर्रकन फिरते. जोड हवी ती यासाठी.

टायर दिसायला सारखे असून आतून वेगळे असू शकतात, हा प्रश्न १९४६ नंतरचा. त्या वर्षी फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. जुन्या टायरमध्ये आतील धागे एकमेकांना तिरपे छेदत. रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात आणि वरून पोलादी पट्टा असतो. वळणावर दोघे वेगवेगळे वागतात, म्हणून एकाच आखावर त्यांची सरमिसळ अनेक देशांच्या कायद्यांनी निषिद्ध ठरवली आहे.

जोडी घेतली, आता ती लावायची कुठे? बहुतेकांना वाटते पुढे. टायर तज्ज्ञ म्हणतात मागे, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असली तरी. पुढची चाके पाण्यावर घसरली तर गाडी वळायची थांबते आणि सरळ जाऊ लागते. पाय उचलला की पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर शेपूट पुढे येते आणि ते सावरणे आपल्यासारख्यांच्या हातचे नाही.

पण एस.टी.च्या आगारात उलटी रीत दिसेल. तिथे नवा टायर पुढे लागतो, आणि झिजल्यावर नवी पाठ चढवलेला, म्हणजे रिट्रेड केलेला टायर मागे. यात विसंगती नाही. बसला पुढे एकेकच टायर असतो, तो फुटला तर सुकाणूच गेले. मागे मात्र प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर शेजारी असतात, एकाने दगा दिला तरी दुसरा तात्पुरता भार घेतो. हे दोन शेजारी तर एकाच तबकडीला आवळलेले. त्यांना फेऱ्यांत तसूभर सूट नाही. एक मोठा असला तर भार तोच उचलतो आणि तापतो, लहान नुसता घासत राहतो. एस.टी.च्या मागच्या चाकांतली जोडी आगगाडीच्या आखाच्या जातीची. जोडीचा सर्वांत कडक नियम आपल्या रोजच्या बसखाली असतो, आणि आपण तो कधी वाकून पाहत नाही.

मी शेवटी दोन घेतले आणि मागे लावले. मागचा उरलेला जुना टायर स्टेपनी झाला, कारण त्यावर नक्षी अजून ३ मिलिमीटर होती. आपल्या नियमांनुसार मोटारीला १.६ खाली जाता येत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे दिवस भरले. मुलांना शाळेच्या आवारातल्या गाड्यांवर ते शोधायला लावा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३४२४’ असेल तर टायर २०२४ सालच्या ३४व्या आठवड्यातला. दुकानदाराने पहिला टायर काढला, त्याचे आकडे अंगठ्याने पुसून वाचले आणि त्याच आठवड्यातला दुसरा शोधायला आत गेला. बैलाचे दात पाहणाऱ्या माणसासारखाच तो एकेक टायर उलटून पाहत होता. जोड लागायला तीन खेपा माराव्या लागल्या.